कानाची गाठ नुसती कापून भागत नाही

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतील कान टोचण्यावरचा लेख वाचला. सोनाराकडे जावे की डॉक्टरकडे, यावर त्यात बरेच आहे. वाढणाऱ्या व्रणाबद्दल मात्र एकच ओळ. माझ्या भाचीने दुसरे भोक पाडले आणि पाळीमागे बोराएवढी, चकचकीत गाठ आली. आधी चुना लावून झाला (!), मग ती कापली, आठ महिन्यांत दुप्पट होऊन परतली. ही गाठ म्हणजे किलॉइड, जखम भरल्यावरही वाढत जाणारा व्रण. साधा जाड व्रण जखमेपुरताच राहतो, हा तिची हद्द ओलांडतो. १० ते ३० या वयात प्रमाण अधिक. नुसता कापला तर अनेकदा पुन्हा येतो. म्हणून सोबत स्टिरॉइडची इंजेक्शने, पाळीवर दाब देणारी क्लिप लागते. घरात कुणाला असा व्रण असल्यास टोचण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, एवढे तरी लेखात हवे होते.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली