सावध राहा म्हणता, पण फसल्यावर काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन फसवणुकीची बातमी आपल्या अंकात आठवड्याआड असते आणि तिची शेवटची ओळ ठरलेली: नागरिकांनी सावधगिरी बाळगावी. फसल्यावर पुढच्या तासाभरात काय करायचं, ते मात्र छापून येत नाही. आमच्या घरी तोच तास वाया गेला, म्हणून हे पत्र.

मी वडगावची. घरच्या मागावरच्या आणि शेजारच्या साड्या व्हॉट्सअॅपवर विकते. श्रावणातल्या एका दुपारी माझ्या जाऊबाईंना ओळखीच्या बाईंच्या नंबरवरून मेसेज आला, "वहिनी, माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या मोबाइलवर आलाय, तेवढा पाठवा." त्या बाईंचं खातं आधीच चोराच्या हातात गेलं होतं, हे कुणाला माहीत? जाऊबाईंनी कोड पाठवला. तो होता त्यांच्याच व्हॉट्सअॅपच्या लॉगिनचा. पाच मिनिटांत त्यांचं व्हॉट्सअॅप बंद पडलं आणि आमच्या भिशीच्या ग्रुपवर त्यांच्या नावाने मेसेज पडला: दवाखान्यात आहे, फोन उचलता येत नाही, दहा हजार या नंबरवर पाठवा, उद्या देते. तिघींनी पाठवले. चौथीने साधा फोन लावून विचारलं, "अगं, तू पैसे का मागूलालीस?" तेव्हा उजेड पडला.

पुढचा पाऊण तास रडण्यात आणि "कोड दिलासच कशाला" यात गेला. मीही बोलले, खोटं कशाला सांगू. शेवटी कोल्हापूरचा भाचा फोनवर ओरडला, "आधी १९३० लावा, भांडण नंतर करा!"

हा १९३० म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. आपण तक्रार नोंदवली की ती पैसे ज्या बँकेत गेले तिथे पोचते आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम रोखून धरली जाते. पण चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरवतो, एटीएममधून काढतो. म्हणून मिनिटं मोजायची. फोन करताना रक्कम, वेळ आणि पैसे पाठवल्यावर दिसणारा बारा आकडी यूटीआर नंबर समोर हवा. आमचा फोन उचलणारा आधी कन्नडमध्ये बोलला, मग हिंदीत. तेवढ्यावर काम झालं. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवायचा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पुरी करायची. एकीने लगेच हे केलं, तिचे पैसे रोखले गेले. दुसरी नवऱ्याला कळायला नको म्हणून रात्रीपर्यंत गप्प बसली. तिचे गेले ते गेले.

तिसरी शिनोळीला दिलेली. ती महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, चोरलेला नंबर कर्नाटकातल्या बेळगावचा, पैसे गेले भलत्याच राज्यात. तिला आधी "तुमची तक्रार तिकडे द्या" असं सांगण्यात आलं. हद्दीचा प्रश्न आम्हा सीमाभागातल्या माणसांना नवा नाही, पण इथे तो उद्भवायलाच नको होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र (म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा) गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. हे पोलिसांना माहीत असतंच. आपल्यालाही माहीत असलं म्हणजे ठाण्यात उभं राहता येतं.

गेलेलं व्हॉट्सअॅप परत मिळतं. आपल्याच नंबरने पुन्हा लॉगिन करायचं, एसएमएसने येणारा सहा आकडी कोड टाकला की चोर बाहेर पडतो. चोराने वर स्वतःचा पिन घातला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, पण तोही तोवर आत नसतो. जाऊबाईंना हे ठाऊक नव्हतं, त्यांनी नवीन सिम घ्यायची तयारी केली होती. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे कोडशिवाय आणखी विचारला जाणारा, पिन आपणच आधी घातला असता तर नुसत्या कोडवर खातं गेलंच नसतं.

बँकेचं सांगायचं तर एका शाखेत "पैसे तुम्हीच पाठवले ना?" म्हणून हात वर केले. त्यात तथ्य नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही. पिन-ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची पोच, वेळेसह, मागून घ्यावी. आमच्या मैत्रिणींनी पैसे स्वतःच्या हाताने पाठवले होते, त्यांना हा नियम कामाचा नव्हता. उरला तो १९३०.

बँकेतल्या पाट्या कन्नड, हिंदी, इंग्रजीत. सासूबाई हिंदी पाटीची अक्षरं लावून वाचतात, कारण ती देवनागरी. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे फार पूर्वीच ठरलेलं आहे. कन्नड हवीच. सोबत चार ओळी मराठी आल्या तर कुणाचं काही जात नाही.

तोवर आपण एवढं करा. बाजारभावाच्या शेजारी रोज एक छोटी चौकट द्या: १९३० लावा, यूटीआर सांगा, बँकेची पोच घ्या, पैसे मागणाऱ्याला साधा फोन करा. जागा कमी पडली तर राशिभविष्यातली एखादी रास वगळा, चालेल.

आपली,
एक वाचक
वडगाव, बेळगाव
(कृपया नाव छापू नये. भिशीत अजून बोलणी बसतात.)