अधिक महिन्यापर्यंत थांब, पण दोन कामं आजच कर

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय संभा,

तुझ्या छपाईच्या दुकानातल्या तिन्ही कॉम्प्युटरचे तू पाठवलेले फोटो नीट बघितले. फोनवर सांगितलं असतं, पण या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. एक पायरी मागंपुढं झाली की मशीन सुरूच होत नाही. म्हणून लिहून पाठवतोय. प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली ठेव.

विंडोज १० सोडून ११ वर जायचं का, एवढंच तू विचारलंस. भावा, तिन्ही मशीनचं उत्तर वेगवेगळं आहे. काउंटरचं मशीन ११ वर न्यायचं, डिझाइनचं या वर्षी आहे तसंच ठेवायचं आणि पेजमेकरच्या (पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या) मशीनचं विंडोज कधीच बदलायचं नाही. जे करायचं तेही आत्ता नको. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. मुहूर्त नाहीत म्हटल्यावर पत्रिकांचं काम थंडावणार. त्यातही पहिल्या दहा दिवसांत उरक, कारण १५ जूननंतरच्या तारखांच्या पत्रिका महिना सरता सरता यायला लागतील.

आता तोवरचं. मायक्रोसॉफ्टचा विंडोज १० ला असलेला सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेत नवं भोक सापडलं की ते बुजवणारा अपडेट येत नाही. डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजमधल्या अँटिव्हायरसच्या, व्हायरसच्या याद्या २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत येत राहतील, म्हणून पुष्कळ जण निर्धास्त आहेत. तो गैरसमज आहे. डिफेंडर म्हणजे दारावरचा राखणदार. भिंतीलाच भोक असेल तर त्याचा काय उपयोग? मायक्रोसॉफ्टने घरगुती वापराच्या मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट ठेवलेत. सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी', मग 'विंडोज अपडेट' उघड. 'एनरोल नाऊ' अशी लिंक दिसेल. त्यासाठी आवृत्ती २२एच२ लागते आणि ॲडमिन खातं मायक्रोसॉफ्ट अकाउंटचं असावं लागतं. ३० डॉलर भरायचा पर्याय आहे, पण तो घेऊ नकोस. सेटिंग्जचा बॅकअप वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याला) चालू केलास की हेच फुकट मिळतं, आणि एका अकाउंटवर दहा मशीन चालतात. काउंटर आणि डिझाइन, दोन्हीवर हे आजच कर.

आता काउंटरचं मशीन. आठव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम. विंडोज ११ च्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढची बसते, म्हणजे तुझं मशीन उंबरठ्याच्या आत आहे. तरी तपासणीचं ॲप 'हे मशीन चालणार नाही' म्हणतंय ते टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) दिसत नाही म्हणून. त्यासाठी वेगळी चिप विकत घ्यायची नाही. कुणी गळ्यात मारायला लागला तर सरळ नाही म्हण. ती सोय प्रोसेसरच्या संचातच आहे, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलीय. बायोसमध्ये 'इंटेल पीटीटी' नावानं शोध. बऱ्याच बोर्डांवर ती 'ॲडव्हान्स्ड'च्या आत असते.

खरी अडचण दुसरी आहे. तुझ्या फोटोत 'बायोस मोड'समोर 'लेगसी' दिसतंय. म्हणजे विंडोज जुन्या पद्धतीनं, एमबीआर डिस्कवर (कप्पे नोंदवायच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर) टाकलेलं आहे. विंडोज ११ ला यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी) सोय लागते. इथंच बहुतेकांची गाडी अडते: बायोसमध्ये जाऊन आधी सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू होऊ देणारी सोय) बंद करतात, रिस्टार्ट करतात आणि मशीन म्हणतं बूट डिस्कच नाही. डेटा गेलेला नसतो, पण माणूस घाबरून फॉरमॅट करून बसतो. तुझ्याकडून असं झालंच तर परत बायोसमध्ये जाऊन सीएसएम चालू कर, सगळं जिथल्या तिथं येईल.

एमबीआरची जीपीटी (कप्पे नोंदवायची नवी पद्धत) करायचं हत्यार विंडोजमध्येच आहे, 'एमबीआर टू जीपीटी' नावाचं. पण ते तुझ्या डिस्कवर चालणार नाही. डिस्क मॅनेजमेंटचा तुझा फोटो मोठा करून बघ. डी आणि ई ड्राइव्हभोवती हिरवी चौकट आहे. ती एक्स्टेंडेड पार्टिशनची, म्हणजे आत लहान कप्पे पाडलेल्या मोठ्या कप्प्याची खूण. या हत्याराला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, एक्स्टेंडेड अजिबात चालत नाही. मशीन जोडून देणाऱ्यांनी सी, डी, ई असे कप्पे पाडून दिलेले असतात, त्यामुळं आपल्याकडं ही अडचण वारंवार येते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जुन्या डिस्कवर काहीच करू नकोस. ५०० जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घे आणि तिच्यावर कोरं विंडोज ११ टाक. जुनी हार्ड डिस्क काढून, नाव-तारीख लिहून कपाटात ठेव. काही बिनसलं तर ती परत जोडायची, सीएसएम चालू करायचं, आणि अर्ध्या तासात दुकान पूर्वीसारखं चालू. विंडोजच्या आतूनच अपग्रेड केलं तर मागं फिरायला दहाच दिवस मिळतात. कपाटातल्या डिस्कला मुदत नाही. रॅम मात्र आत्ता घेऊ नकोस. भाव चढलेत, आणि बिलं, मेल, पीडीएफ यांना ८ जीबी पुरते. मशीन हळू चालतंय ते फिरत्या डिस्कमुळं.

क्रम असा ठेव. आधी बोर्डावरचा बटनसेल बदल, सीआर२०३२ लिहिलेला. मशीन इतक्या वर्षांचं आहे की सेल दमलेला असणार. तो संपला की बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात, पीटीटी बंद होतं, आणि सहा महिन्यांनी एका सकाळी कारण न कळता मशीन अडतं. मग युपीएसची बॅटरी तपास. मेमध्ये वळीव आला की लाइट जातेच. काम चालू असताना गेली तर इन्स्टॉल अर्धवट राहतं. चार्ज झालेल्या युपीएसवर मशीन दहा मिनिटं तरी टिकलं पाहिजे. मग जुन्या डिस्कची साटा केबल काढ आणि एसएसडी जोड. दोन्ही डिस्क एकदम जोडलेल्या राहिल्या तर इन्स्टॉलर कधी कधी बूटच्या फायली जुन्या डिस्कवर टाकतो आणि पुढं ती काढली की नवं विंडोज उठत नाही. त्यानंतर बायोस: पीटीटी चालू, सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू. मग ८ जीबीच्या कोऱ्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं आधीच बनवून ठेवलेलं विंडोज ११ एसएसडीवर टाक. प्रॉडक्ट की विचारली की 'माझ्याकडं की नाही' निवड आणि आत्ता जी आवृत्ती आहे, होम किंवा प्रो, तीच घे. बोर्ड तोच असल्यामुळं नेट जोडल्यावर लायसन्स आपोआप लागतं.

पण त्याआधी सेटिंग्जमधलं 'ॲक्टिव्हेशन' उघडून बघ. तिथं 'डिजिटल लायसन्स' हे शब्द पाहिजेत. एखाद्या संस्थेच्या सर्व्हिसनं ॲक्टिव्हेट केलंय असं काही लिहिलं असेल, तर तुला चोरीचं विंडोज टाकून दिलंय. ते नव्या डिस्कवर येणार नाही, लायसन्सचा खर्च हिशेबात धर.

आणखी एक. मायक्रोसॉफ्ट अकाउंट वापरून कोरं विंडोज ११ टाकलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. बायोसमध्ये काही बदललं किंवा तो बटनसेल गेला की ४८ आकडी किल्ली मागते. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघ. चालू असेल तर त्या अकाउंटमधून किल्ली काढून वहीत उतरव, नाहीतर एन्क्रिप्शन बंद कर. किल्ली नसेल तर कोणताही कारागीर तो डेटा काढून देऊ शकत नाही.

आता फॉन्ट. विंडोजपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण तुझा धंदा फॉन्टवर उभा आहे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेला नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं नुसतं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट नसला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसतो. त्याच नावाच्या फॉन्टची वेगळी आवृत्ती पडली तर आणखी वाईट, कारण ते पटकन लक्षात येत नाही. अक्षराची रुंदी केसभर बदलते, ओळ तुटते आणि निमंत्रकांच्या यादीतलं शेवटचं आडनाव खालच्या ओळीत जातं. छापून झाल्यावर यजमानाच्या नजरेला पडतं.

म्हणून दुसरं आजचं काम: फॉन्ट उचलून ठेव. सगळे 'सी ड्राइव्ह – विंडोज – फॉन्ट्स'मध्येच असतात असं समजू नकोस. २०१८ पासून डबल क्लिक करून टाकलेला फॉन्ट फक्त त्या युजरच्या खात्यात जातो: युजरचं फोल्डर, मग ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स. ॲपडेटा लपवलेलं असतं, त्यामुळं बॅकअप घेताना हमखास राहतं. दोन्ही फोल्डर दोन डिस्कवर कॉपी कर आणि एक डिस्क घरी वरच्या मजल्यावर ठेव. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या शाहूपुरीच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

कोऱ्या विंडोज ११ मध्ये मंगल फॉन्ट दिसला नाही तर तो गेलाय असं समजू नकोस. 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घातलं की मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह परत येतात. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत.

पेजमेकरचं मशीन ३२ बिटचं आहे. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच निघालेली नाही. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी प्रोग्रॅमची सेटअप फाइल १६ बिटची असते आणि ती ६४ बिट विंडोजवर उघडतच नाही. त्यात फॉन्टचं डोंगल (मशीनला खोचल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत ती किल्ली) जुनं, त्याचा ड्रायव्हर जुना. विंडोज ११ मधली 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय असे ड्रायव्हर अडवते. तेव्हा या मशीनची लॅन केबल काढ, सेव्ह केलेला वायफायचा पासवर्ड पुसून टाक आणि त्याला नुसतं जुनं मॅटर उघडायचं यंत्र म्हणून ठेव. फायली पेनड्राइव्हनं ने-आण कर, पण पेनड्राइव्ह आधी काउंटरच्या मशीनवर स्कॅन करत जा. आणि रिकाम्या वेळी पोराला बसवून नेहमी लागणाऱ्या मजकुराच्या फॉन्ट एम्बेड केलेल्या (आतच बसवलेल्या) पीडीएफ करून घे. ते डोंगल एक दिवस मरणारच आहे.

डिझाइनच्या मशीनचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा. रजिस्ट्रीत खटपट करून किंवा बदललेल्या पेनड्राइव्हनं त्यावर ११ चढतं हे मला माहीत आहे, तुला तसं करून देणारेही भेटतील. दुकानाच्या मशीनवर नको. दरवर्षीची मोठी आवृत्ती त्यावर आपसूक येत नाही, दर वेळी तीच खटपट. ऑक्टोबरपर्यंत वाढीव अपडेटवर चालव, दसऱ्याच्या आसपास नवं मशीन बघू. तोवर कोरलमधलं (डिझाइनच्या प्रोग्रॅममधलं) प्रत्येक फायनल मॅटर दोन प्रतींत ठेव: एक टाइप केलेलं, एक कंट्रोल-क्यू मारून कर्व्ह केलेलं, म्हणजे अक्षरांची नुसती आकृती केलेलं. कर्व्हला फॉन्ट लागत नाही, कुठंही तसंच उघडतं.

कोरलची सीडी आणि सिरीयल नंबर हाताशी आहे का ते बघ. आणि डोंगलच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठव, मॉडेल नंबर वाचता येईल असा. तुझ्या फोटोत तेवढाच भाग अंधारात आलाय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दिग्या