वाजवले काय, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील मैफलीत अल्पपरिचित रोमँटिक (म्हणजे युरोपात एकोणिसाव्या शतकात बहरलेल्या भावप्रधान शैलीतल्या) रचना वाजवणाऱ्या पियानोवादकाची बातमी आपल्या अंकात वाचली. सभागृह, टाळ्या, वादकाची कारकीर्द सगळे आले. वाजवले काय, ते मात्र ‘काही दुर्मीळ रचना’ एवढ्यावरच आटोपले. रचनांची निवड हीच जिथे बातमी, तिथे त्यांचीच नावे गळावीत याचे वाईट वाटले.

या रचना मागे पडल्या त्या दर्जा कमी म्हणून, असा समज अशा मोघम उल्लेखांनी पक्का होतो. जर्मन संगीतकार मेंडेल्सोनची थोरली बहीण फानी हेन्झेल हिने १८४१ मध्ये वर्षाच्या बारा महिन्यांवर पियानोरचनांची माला लिहिली. तिची सुवाच्य प्रत रंगीत कागदांवर आहे, चित्रे तिच्या चित्रकार पतीची. ती संपूर्ण छापून यायला १९८९ उजाडले! बाईने संगीत छापणे घरच्यांना रुचत नव्हते. त्यात संगीताचा काय दोष?

प्रसिद्ध पियानो-संगीतकार शोपँचा मित्र, फ्रेंच संगीतकार आल्काँ याची गोष्ट वेगळी. त्याचा एकट्या पियानोसाठीचा कॉन्चेर्टो १८५७ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉन्चेर्टो म्हणजे एरवी एकलवादक आणि वाद्यवृंद यांनी मिळून वाजवायची रचना; इथे वाद्यवृंद नाहीच, वृंदाचा गजर आणि एकलवादकाची तान दोन्ही त्याच दहा बोटांनी काढायची. नुसता पहिला भागच अर्ध्या तासाच्या घरात जातो. स्वरलिपी पुढे ठेवून मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा पाने उलटता उलटता दमलो होतो. तो वाजवायला बसणाऱ्याने किती महिने घालवले असतील, हे वाचकाला कळायला नको का?

आणि मेटनर! १९४०च्या दशकात लंडनमध्ये राहणाऱ्या या रशियन संगीतकाराच्या रचना ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून पैसा पुरवला तो म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांनी. त्या तबकड्यांवर खुद्द मेटनरचे वादन आहे.

जर्मनीतल्या हुझुम येथे तर केवळ दुर्मीळ पियानोरचनांसाठी १९८७ मध्ये महोत्सव सुरू झाला. म्हणजे ऐकणारे आहेत.

तेव्हा विनंती एवढीच, की अशा बातमीखाली संगीतकार, रचना आणि तिचा ओपस क्रमांक (संगीतकाराच्या प्रसिद्ध रचनांना दिला जाणारा अनुक्रमांक) एका ओळीत द्यावा. नाव हाती असले की वाचक ती रचना त्याच संध्याकाळी शोधून ऐकू शकतो. त्या दिवशीच्या मैफलीतल्या रचनांची नावे अजूनही छापता आली, तर मी वाट पाहत आहे.

आपला,
एक पियानोप्रेमी वाचक