ती चौकट नाही, देवीची जागा आहे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला लग्नाच्या सजावटीवरचा लेख वाचला आणि कालचा सगळा दिवस त्याच विचारात गेला, म्हणून आज लिहायला बसले. लेखासोबतच्या फोटोत गेरूच्या रंगाची, थर्माकोलची मोठी चौकट आहे, तिच्यात नवरा-नवरी उभे आहेत आणि खाली ओळ आहे, ‘वारली फ्रेम : यंदाचा ट्रेंड’. ती फ्रेम नाही, तो वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर काढतात तो लग्नचौक आहे. ती जोडी जिथे उभी राहून हसते आहे, ती पालघट देवीची जागा आहे.

हे फोटोत पाहून एवढं लागलं नसतं, पण दोन महिन्यांपूर्वी माझ्या पुतणीच्या लग्नात ठाण्यातल्याच एका हॉलच्या दारात मी अशीच चौकट पाहिली होती. नक्षीच्या कडा, वर चंद्र-सूर्य, बाजूला फणी आणि शिडी, सगळं जागच्या जागी. मधे मात्र आरपार मोकळं. त्यात उभं राहून फोटो काढायला रांग लागली होती. एका गृहस्थांनी तर हातात आइस्क्रीमचा कप घेऊन आत पाय ठेवला. मी सजावटवाल्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा, यात देवी असते, हे इथून काढ, नाहीतर निदान मधे चादर तरी लाव. तो म्हणाला, “आजी, यात देव कुठे दिसतोय? डिझाइन आहे.” त्याला दिसणार कशी? तिला कापून काढूनच तर ती मोकळी जागा केली होती. घरच्यांनी मला “आता मंगलकार्यात कशाला” म्हणून गप्प केलं. मी गप्प बसले, आणि तेच मला अजून बोचतं आहे.

मी डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर बारा वर्षं शिक्षिका होते. तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं; पालघर वेगळं झालं ते २०१४ च्या ऑगस्टमध्ये. १९८९ च्या आसपासची गोष्ट. चौथीतली एक हुशार मुलगी तीन दिवस शाळेत आली नाही म्हणून मी तिच्या घरी गेले. ती तांदूळ दळत होती. मला पाहून हरखून म्हणाली, “बाई, आईचं लगीन हाय.” मी चमकलेच. मग तिच्या आजीने समजावलं. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून माणसं तशीच संसाराला लागतात, मुलंबाळं होतात, आणि हातात पैसा आला की मग देवीसमोर लग्न लावून घेतात. त्या वर्षी पीक बरं आलं होतं.

शेणाने सारवून गेरू दिलेल्या भिंतीशी दोन सवाशिणी बसल्या होत्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. आधी कडा आल्या, एकीच्या आत एक. मग मधे देवी, दोन्ही हात पसरलेली. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर पंचशिऱ्या, म्हणजे पाच डोक्यांचा देव. धवलेरी गात होती. वारल्यांचं लग्न तीच लावते, पुरुष भटजी नाही. मी पाहायला म्हणून पुढे सरकले तर एक सवाशीण म्हणाली, “बाय, जरा बाजूला. देवीवर सावली पडते.”

माझी सावलीसुद्धा नको होती तिला. आणि इथे लोक चपला घालून उभे राहतात.

पालघट ही झाडाझुडपांची, पिकाची, लेकराबाळांची देवी. चौक लिहून तिला बोलावल्याशिवाय वारल्यांचं लग्न लागत नाही. उद्या कुणी तुळजाभवानीचं मखर तसंच ठेवून मूर्ती बाजूला करील आणि पाहुण्यांना म्हणेल की या, इथे उभे राहा, तर आपण ऐकून घेऊ का? आपल्या पुरवणीत त्याला ट्रेंड म्हणाल का? मग पालघटचं तेवढं का चालतं? ती आदिवासींची आहे म्हणून?

वारली चित्रं काढूच नयेत, असं माझं मुळीच म्हणणं नाही. तारपा नाच काढा, भातलावणी काढा, त्यावर अनेक घरं चालतात आणि चालावीत. पण लेखात जिव्या सोमा मशे यांना ‘वारली चित्रकलेचे जनक’ म्हटलं आहे, तेही चूक आहे. गंजाडच्या या माणसाला २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं मोठेपण असं की बायकांच्या हातातली, लग्नाच्या भिंतीवरची ही कला त्यांनी कागद-कापडावर आणली आणि शेतातलं, जंगलातलं रोजचं जगणं तिच्यात मांडलं. जनक म्हटलं की त्या सवाशिणी पुसल्या जातात. फोटोखाली सजावटवाल्याचं नाव तेवढं आहे, चौक रंगवणाऱ्या हाताचं नाहीच.

आणि विषय निघालाच आहे तर आमच्या भागातल्या पुलाच्या खांबांबद्दलही लिहा. तिथे मुलांनी रात्री जागून वारली चित्रं रंगवली होती. वर्षाच्या आत त्यांच्यावर वाढदिवसांची पोस्टरं चिकटली आणि खाली पानाच्या पिचकाऱ्या.

येत्या रविवारी कृपया एक दुरुस्ती छापावी : फोटोतली चौकट हा वारली लग्नचौक असून त्यातली देवी पालघट आहे, फोटोत ती नाही. मागच्या वेळी माझं पत्र अर्धंच छापलं होतं. या वेळीही जागा कमी पडली तर पुलाच्या खांबांचं वगळा, पण देवीचं नाव राहू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
पाचपाखाडी, ठाणे