जाळीचा क्रमांक रुग्णाच्या हाती द्या

माननीय संपादक,

कुळागरात नारळांची पोती उचलण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या आमच्या थोरल्या बंधूंच्या अंतर्गळावर (हर्नियावर) सहा वर्षांपूर्वी एका रुग्णालयात जाळी बसवण्यात आली. अलीकडे ‘या जाळीमुळे कर्करोग होतो’ असा संदेश त्यांच्या मोबाइलवर आला आणि घरातल्या सर्वांची झोप उडाली.

या भीतीला मूळ आहे, पण ते उंदरांवरील प्रयोगांत. प्लॅस्टिकचे गुळगुळीत पातळ तुकडे कातडीखाली ठेवलेल्या उंदरांना गाठी झाल्याचे 1950 च्या दशकात दिसले, आणि 1999 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा पातळ पापुद्र्यासारख्या रोपणांची ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ नोंदवली. शस्त्रक्रियेतली जाळीही प्लॅस्टिकचीच, मात्र ती विणलेली, सच्छिद्र असते, आणि तुकड्याला भोके पाडली की उंदरांतही गाठींचे प्रमाण घटत असे. स्वीडनमध्ये लघवी आपोआप गळण्याच्या विकारासाठी पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या जाळीची पट्टी बसवलेल्या 20 हजारांहून अधिक स्त्रियांची इतर लाखो स्त्रियांशी तुलना करण्यात आली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला नाही. अमेरिकेने 2019 मध्ये गर्भाशय व मूत्राशय खाली सरकण्यावर योनिमार्गे बसवण्याच्या जाळ्यांची विक्री थांबवली, ती सुरक्षितता आणि उपयुक्तता पुरेशी सिद्ध न झाल्यामुळे; कर्करोगाशी त्या निर्णयाचा संबंध नव्हता. संदेश धाडणारे नेमकी इथेच गल्लत करतात. (जाळीच्या जागी वर्षानुवर्षे पू वाहणारी जखम मात्र कोणीही अंगावर काढू नये.)

स्वीडनला हे मोजता आले, कारण तिथे शस्त्रक्रियेची नोंद आणि कर्करोगाची नोंद एकाच ओळख क्रमांकाने जोडता येते. बंधूंच्या डिस्चार्ज कार्डावर ‘मेश रिपेअर’ (जाळी लावून दुरुस्ती) एवढे दोनच शब्द आहेत. कंपनीचे नाव आणि लॉट क्रमांक (जाळी कोणत्या उत्पादन-गटातली ते सांगणारा क्रमांक) असलेली चिकटपट्टी केस पेपरवर लावली होती म्हणे. चौकशीला गेलो तेव्हा ‘जुनी फाइल सापडत नाही’ असे सांगून आम्हाला परत पाठवले.

वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय योजना 2015 पासून आहे. पण कोणती जाळी बसवली हेच ठाऊक नसलेला रुग्ण तिथे काय कळवणार? ती चिकटपट्टी दोन प्रतींत असावी आणि एक रुग्णाच्या कार्डावर लावावी. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून अशा शस्त्रक्रियेचे पैसे देताना हा क्रमांक भरल्याशिवाय बिल मंजूर करू नये, अशी माझी आरोग्य खात्याला विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, प्रियोळ, फोंडा