२०० तासांचे पैसे घेऊन ९२ तास उडवल्याबाबत तक्रार

दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
वैमानिक प्रशिक्षण कंपनी

विषय: कमर्शियल पायलट लायसन्सचं प्रशिक्षण मुदतीत पूर्ण न करणं, बेकायदा जीएसटी आकारणं आणि फी परताव्याबाबत

महोदय,

माझी मुलगी नोव्हेंबर २०२४ पासून तुमच्याकडे प्रशिक्षण घेत आहे. बारा महिन्यांत २०० तास उड्डाण पूर्ण करून देऊ, असं करारात तुमच्याच सहीनं लिहिलेलं आहे. जानेवारी २०२६ लागला आणि तिच्या लॉगबुकात आजच्या तारखेला ९२ तास आहेत. रात्रीचं उड्डाण तर अजून सुरूच झालेलं नाही. फी मात्र तुम्ही पहिल्या पाच महिन्यांतच पुरी वसूल केली: मूळ ४० लाख, वर १८ टक्के जीएसटीचे ७ लाख २० हजार, एकूण ४७ लाख २० हजार. ईमेल केले की "आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे" एवढंच उत्तर येतं. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवत आहे.

हा पैसा कसा उभा केला, ते तुम्हाला माहीत असायला हवं. आम्ही दारव्हा तालुक्यातले कोरडवाहू कास्तकार. शैक्षणिक कर्जासाठी सातबारा घेऊन बँकेत गेलो, तर शेतजमीन तारण चालत नाही म्हणाले, कारण बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली ती जप्त करून विकता येत नाही. शेवटी माझ्या साळ्यानं यवतमाळातला त्याचा एनए (बिगरशेती) प्लॉट तारण दिला, तेव्हा २५ लाख मंजूर झाले. बाकीच्यासाठी रोडला लागून असलेलं दोन एकर वावर विकलं. ते वावर आता परत येणार नाही, आणि त्याबद्दल माझं काही म्हणणंही नाही. मुलीच्या शिक्षणासाठी विकलं.

पण कर्जावर साडेअकरा टक्क्यांनी महिन्याला जवळपास २४ हजार रुपये व्याज चढतं. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. म्हणजे दर महिन्याला तीन क्विंटल कापूस नुसता व्याजात जातो. आमच्याकडे एकरी चार-पाच क्विंटल निघतो, तोही बोंडअळी आणि अवकाळीच्या तावडीतून सुटला तर. मुलगी आकाशात असो की हँगरात बसलेली असो, व्याज थांबत नाही. बँकेनं तुमचा अभ्यासक्रम बारा महिन्यांचा धरून पुढं एक वर्षाची सवलत दिली आहे. नोव्हेंबर २०२६ पासून हप्ते सुरू होतील. तुम्ही केलेला उशीर बँक हिशेबात घेत नाही.

उशीर का झाला, याचं तुमचं ठरलेलं उत्तर हवामान. पावसाळ्यात ढग खाली येतात, आडवा वारा सुटतो, हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, हे आम्हालाही कळतं. अशा दिवशी विमान उडवू नका, असंच आम्ही म्हणू. पण दसऱ्यानंतर स्वच्छ ऊन असतानाही मुलगी जमिनीवरच होती. रात्री रोस्टरमध्ये तिचं नाव लागतं. पहाटे पाचला ती हजर होते, ब्रेथ अ‍ॅनालायझरची चाचणी देते, विमानाभोवती फिरून एकेक गोष्ट तपासते, टाकीतलं इंधन छोट्या नळीत काढून त्यात पाणी उतरलं नाही ना ते उजेडात धरून पाहते. एवढं झाल्यावर विमानं वाटून देणाऱ्या डिस्पॅच कक्षातून निरोप येतो, हे विमान आज दुसऱ्या बॅचला दिलं. तुमच्या माहितीपत्रकात दहा विमानं आहेत. आज उडण्याजोगी चार आहेत. एकाचं इंजिन ओव्हरहॉलला गेलेलं आहे आणि बाकीची सुट्या भागांची वाट पाहत उभी आहेत. विमानाची दर शंभर तासांनी तपासणी करावी लागते, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. तरीही विमानं घटत असताना तुम्ही नवीन बॅच घेतच राहिलात. माझी मुख्य तक्रार हीच आहे. हवामान देवाच्या हाती, प्रवेश तुमच्या हाती होते.

उशिरानं नुसतं व्याज वाढत नाही. लायसन्सला अर्ज करताना २०० पैकी किमान १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन उडवलेले लागतात, आणि त्यातले १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. प्रशिक्षण रखडलं की हे तास पुन्हा उडवावे लागतात. तुमच्या दरपत्रकात जादा तासाचा दर १५,५०० रुपये आहे, म्हणजे १५ तासांचे २ लाख ३२ हजार ५०० आणखी. तुमच्या उशिराचं बिल पुन्हा आमच्याच नावानं फाटणार.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. नोव्हेंबरमध्ये तुमच्या एका कर्मचाऱ्यानं मुलीला सुचवलं, की थोडे तास "कागदावर बसवून" घेऊ, म्हणजे लवकर मोकळी होशील. तिनं साफ नकार दिला. खोट्या गुणपत्रिका आणि न उडवलेले तास दाखवून लायसन्स काढल्याची प्रकरणं २०११ मध्ये देशभर गाजली, वैमानिकांना अटकाही झाल्या. आम्ही वावर विकलं ते विमान चालवायला शिकण्यासाठी. उद्या तिच्या मागं प्रवासी बसतील. खोट्या तासांवर तिला कॉकपिटमध्ये बसवण्यापेक्षा मी तिला घरी परत आणीन. या प्रकाराची चौकशी करून काय कारवाई केली, ते मला लेखी कळवावं.

घाईबद्दलही तितकंच स्पष्ट सांगतो. मार्च २०२३ मध्ये गोंदियाजवळच्या बिरसीहून उडालेलं प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळलं आणि प्रशिक्षक व शिकाऊ वैमानिक दोघंही गेले. आमच्या भागातल्या प्रत्येक आईबापानं ती बातमी वाचली आहे. तक्रार आली म्हणून थकलेल्या इन्स्ट्रक्टरसोबत एका दिवसात सॉर्टीवर सॉर्टी (उड्डाणामागून उड्डाण) लावून तास भरून काढायचे, हा तोडगा आम्हाला मान्य नाही.

यवतमाळच्या सेमिनारमध्ये तुमचे समुपदेशक म्हणाले होते, पायलटची टंचाई आहे, लायसन्स हाती आलं की नोकरी ठरलेली. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हाही तुम्ही पालकांच्या ग्रुपवर तीच बातमी टाकून "बघा मागणी" असं लिहिलंत. पण कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरच्या दर्जाचं लायसन्स लागतं, त्याला १,५०० तास लागतात. २०० तासांच्या नव्या पोरीला नोकरीआधी टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याचं वेगळं प्रशिक्षण करावं लागतं, त्याचे लाखो रुपये वेगळे. मग भरतीची वाट पाहायची. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिक एकदम रस्त्यावर आले. अशा वेळी रांगेत नवख्यांचा नंबर शेवटी लागतो. हे त्या सेमिनारमध्ये कुणीच सांगितलं नाही. पुढच्या गावात सेमिनार घ्याल तेव्हा टाइप रेटिंगचा खर्च फळ्यावर लिहा.

जीएसटीबद्दल. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थांच्या मान्य उड्डाण अभ्यासक्रमांना जीएसटी लागत नाही, असा खुलासा ११ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक क्र. २३४ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं केलेला आहे. आमचा पहिला हप्ता त्यानंतरचा आहे. तेव्हा ७ लाख २० हजार तुम्ही कशाच्या आधारे घेतले?

माझं मागणं असं: जीएसटीची रक्कम पंधरा दिवसांत परत करावी. उरलेल्या १०८ तासांचं वेळापत्रक कोणत्या विमानावर, कोणत्या इन्स्ट्रक्टरसोबत, कोणत्या महिन्यात, अशा तपशिलासह सीएफआयच्या (मुख्य उड्डाण प्रशिक्षकाच्या) सहीनं द्यावं. मुदत उलटल्यामुळे पुन्हा उडवावे लागणारे तास आणि डिसेंबरपासूनचं हॉस्टेलचं भाडं कंपनीनं सोसावं. हे तीस दिवसांत जमत नसेल, तर न उडवलेल्या १०८ तासांचे तुमच्याच दरानं १६ लाख ७४ हजार रुपये परत करावेत आणि लॉगबुक व प्रशिक्षणाची नोंद प्रमाणित करून ना हरकत पत्र द्यावं. बाकीचे तास ती दुसऱ्या संस्थेत पूर्ण करील.

तसं न झाल्यास मी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत आहे. करारातल्या "न्यायक्षेत्र फक्त आमच्या शहराचं" या कलमाचा दाखला देऊ नये.

उत्तर लेखी आणि माझ्या नावानंच पाठवावं. या पत्रावरून मुलीला ऑफिसात बोलावू नये, तिचं नाव रोस्टरमधून काढू नये. तसं झालं तर त्याची वेगळी तक्रार डीजीसीएकडे जाईल.

आपला,
प्रशिक्षणार्थी मुलीचा वडील
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

सोबत: करार, फीच्या पावत्या, लॉगबुकाच्या छायाप्रती, डिसेंबरपर्यंतच्या रोस्टरचे स्क्रीनशॉट
प्रत: नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली