बूटलेगरचं एवढं कौतुक कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या ब्रँडवरचा लेख वाचला. किमान 51 टक्के मका, आतून जाळलेलं ओकचं नवंकोरं पिंप वगैरे माहिती बरोबर होती, पण 1920 ते 1933 ची अमेरिकेतली दारूबंदी आली आणि बूटलेगर, म्हणजे चोरून दारू विकणारे, एकदम हीरोच झाले, ते खटकलं म्हणून लिहितोय.

जॉर्ज रेमसचंच बघा. शिकागोचा वकील, त्याआधी फार्मासिस्ट, त्यामुळे दारूबंदीतही औषध म्हणून व्हिस्की चालायची ही पळवाट त्याला बरोबर दिसली. डिस्टिलऱ्या विकत घ्यायच्या, औषधाच्या परवान्यावर माल बाहेर काढायचा आणि आपलेच ट्रक आपल्याच माणसांकडून लुटवून तो चोरून विकायचा. 1927 मध्ये भर पार्कात बायकोला, इमोजीनला, गोळी घातली आणि ज्युरीने वेडाच्या भरात केलं म्हणून सोडून दिलं. आज त्याच्या नावाची बर्बन मिळते. लेखात त्याच्या पार्ट्या आहेत, इमोजीनचं नावसुद्धा नाही!

खरी बर्बन तेव्हा मिळायची औषधाच्या दुकानात. सहा कंपन्यांना ती विकायचे परवाने होते, ओल्ड फॉरेस्टर नावाची बर्बन काढणारी ब्राउन-फोरमन त्यातलीच. डॉक्टरने सरकारी फॉर्मवर लिहून दिलं की दर दहा दिवसांना एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडी कमी. डॉक्टरची फी परवडणाऱ्यांची सोय झाली, बाकीच्यांनी काय प्यायचं?

ते प्यायले जेक. जमैका जिंजर, आल्याचा अर्क, औषध म्हणून विकायचे पण नुसतं अल्कोहोल. कोणी पिऊ नये म्हणून सरकारने तो कडू आणि दाट ठेवायला लावला होता आणि इन्स्पेक्टर तो उकळून खाली किती उरतं ते तोलून बघायचे. बॉस्टनच्या दोघांनी या टेस्टमधून सुटायला त्यात प्लास्टिक मऊ करायचं केमिकल घातलं आणि 1930 मध्ये हजारो लोकांचे पाय लुळे पडले. पंजा लोंबायचा, म्हणून गुडघा उंच उचलून पाऊल टाकायचं, आधी बोटं जमिनीवर आपटायची मग टाच. त्यातले बहुतेक हातावर पोट असलेले, त्यांच्या नावाची बाटली कोणी काढली नाही.

शिवाय कारखान्यांच्या अल्कोहोलमध्ये ते कोणी पिऊ नये म्हणून सरकार मुद्दाम विषारी मिथेनॉल मिसळायचं, बूटलेगर तेच चोरून थोडंफार साफ करून विकायचे आणि लोक मरायचे. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती याच मिथेनॉलने, म्हणून आपल्या वाचकाला तरी हे नवीन नाही, आणि तो माल विकणाऱ्यांना आपण कोणी हीरो म्हटलं नाही.

आणि या गोष्टींवर धंदा कसा चालतो तेही लिहायला हवं होतं. टेम्पलटन राय ही बर्बन नव्हे, राय नावाच्या धान्याची व्हिस्की, पण उदाहरण चोख आहे. आयोवातली, दारूबंदीच्या काळातल्या रेसिपीची, तेव्हाचा नामचीन गुंड अल कपोनची आवडती म्हणून तिची जाहिरात झाली, माल मात्र इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या मोठ्या कारखान्यातून यायचा. ग्राहक कोर्टात गेले, 2015 मध्ये तडजोड झाली, गिऱ्हाइकांना पैसे परत द्यावे लागले. रेमसच्या नावाची बर्बनसुद्धा त्याच लॉरेन्सबर्गची!

पुढच्या वेळी ब्रँडवर लिहाल तेव्हा दारू कुठे गाळली ते प्लीज छापा, बहुतेक बाटल्यांच्या मागच्या लेबलवर बारीक अक्षरात असतं. आणि जेकने पाय गेलेल्यांवर एक वेगळा लेख येऊ द्या, पुरवणीतच, तेवढ्याच जागेत.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे